परत न म्हटलेला आकडा

कमरेएवढ्या पाण्यात माणूस बुडत नाही, असं अहवालात लिहून तुम्ही मोजणी खात्यातले लोक मोकळे झालात. जोडीला माणूस न देता तिला तळ्यावर पाठवणारेही तुम्हीच, ते मात्र कुठेच लिहिलं नाहीत.

ती माझी ताई. नऊ वर्षांपूर्वी या तळ्याची खोली मोजायला गेली. होडी सापडली, ती नाही. तळं लांबरुंद पण उथळ, तळाला चुनखडीचा दगड. पाणी हा दगड हळूहळू विरघळवतं, आतून पोखरतं. मग एक दिवस भोक पडतं आणि पांढरा गाळ त्याच्यावर पांघरूण घालतो. तुमच्या नकाशात असं एकही भोक नाही. ते दाखवायचं म्हणून मी मोजणी शिकले.

मोजणीचा नियम साधा. काठी टाकणाऱ्याने आकडा सांगायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. तोवर काठीवाल्याने जागा सोडायची नाही. लहानपणी ताई पाण्याच्या पिंपात झाडूचा दांडा बुडवून आकडा सांगायची आणि मी मुद्दाम गप्प बसायचे. ती तशीच वाकून उभी. "म्हण ना गं चिमणे, पाठ मोडली माझी!"

काल सकाळी धुकं होतं. वल्ही आणि आकड्यांची वही, दोन्ही म्हाताऱ्या नावाडीकाकांकडे.

"साप मारल्यासारखी काय आपटतेस काठी? तुझी ताई कशी अलगद सोडायची, काठावरून बघायचो मी."

"एक मीटर दहा," मी म्हटलं.

"एक मीटर दहा," काकांनी परत म्हटलं.

दुपारपर्यंत असंच चाललं. धुकं हटेना. मग एके ठिकाणी ओल्या चुन्याचा वास आला, नुकतीच रंगवलेली खोली बंद ठेवावी तसा. काठी टाकली. ती गाळातून गेली... जातच राहिली. तीन मीटरची काठी, हात कोपरापर्यंत पाण्यात, तरी तळ नाही.

सापडलं होतं! मी ओरडणार, तोच पाण्याखालून, अगदी शांतपणे, कुणीतरी म्हणालं, "एकवीस मीटर."

तोच आवाज. शेवटी जरासा थकलेला.

"एकवीस..."

मला फक्त परत म्हणायचं होतं. नियम मला ठाऊक होता. पण मी म्हटलं की ती जागा सोडणार. नऊ वर्षांनी मिळालेला आवाज! मी ओठ घट्ट मिटले आणि ऐकत राहिले. तिने किती वेळा म्हटलं, मोजलं नाही. मीही तुमच्याहून वेगळी निघाले नाही.

शेवटी काकांनी होडी वळवली. काठाला लागलो. मग दोर खुंटाला बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या तूच म्हणून टाक, पोरी. गेल्या वर्षी सतराच म्हणत होती."