नारळ दक्षिणेला, पाणी उत्तरेला

मी पाच नारळ सोडले आणि पाचही दक्षिणेच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून माडवेळच्या वीजप्रकल्पातून बाहेर पडणारं कोमट पाणी दक्षिणेला जातं, असं मी छाती ठोकून सांगितलं. दर्याला नारळ द्यायची आमची रीतच. मग पाण्याचा माग काढायला नारळच सोडले तर बिघडलं कुठे?

सुनंदाआत्याने माझ्यावर विश्वास ठेवून उत्तरेला दोर बांधायला घेतले. दोरांवर शिणाण्यांचं (हिरव्या शिंपल्यांचं) बारीक बी होतं. प्रकल्पाच्या पाण्यानेच गेल्या वर्षीचं सगळं बी मेलं असं आम्ही धरून चाललो होतो; तेव्हा आत्या दोन दिवस जेवली नव्हती.

आणि आज बोंबील म्हणतो, "कस्तुरी, पाणी उत्तरेला जातं."

बोंबील म्हणजे संशोधन केंद्राचा यंत्रमासा. लांबट, लुळा आणि भलताच शहाणा.

"काहीतरीच! उत्तरेचं पाणी मुळीच कोमट नाही. मी थर्मामीटर लावून पाहिलंय," मी म्हटलं.

"उष्णता वाटेतच विरते. खूण मात्र उरते. प्रकल्पात वाफ थंड करायला समुद्राचं पाणी घेतात. पाइपांत शिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात क्लोरीन घालतात. खाऱ्या पाण्यात ब्रोमीनचे क्षारही असतात. या सगळ्यांतून ब्रोमोफॉर्म (पाण्यात बरेच दिवस टिकणारा एक पदार्थ) तयार होतो. अगदी कणभर असला तरी मला तो कळतो."

"पण तो दुसरीकडूनही आला असेल!"

"थोडा समुद्री शेवाळही बनवतं. म्हणून मी आधी दूरचं पाणी तपासलं. तिथे नावापुरता सापडला. प्रकल्पाच्या तोंडाशी सर्वांत जास्त, आणि उत्तरेकडे हळूहळू कमी होत गेला."

"त्याने बी मरतं?"

"एवढ्याशाने नाही. पण आत्याच्या दोरांपाशी तो दूरच्या पाण्यापेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे क्लोरीनचं ताजं पाणी तिथवर पोचतं, आणि ते कोवळ्या बियांना सोसत नाही."

"आणि माझे नारळ?"

"त्यांचे माथे पाण्याबाहेर होते ना? त्यांना वाऱ्याने नेलं!"

माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. मी धावतच आत्याला गाठलं आणि चूक कबूल केली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग हसत दोरांच्या गाठी सोडायला लागली. "बरं झालं गो, आजच सांगितलंस. चल, होडी काढ, दक्षिणेला बांधू!"

पाणी कुठवर जातं याचा बोंबिलाने काढलेला नकाशा पाहून प्रकल्पातले लोक आता क्लोरीन गरजेपुरतंच घालतात. मला फार आनंद झाला. पुढेमागे उत्तरेलाही शिणाण्यांची शेती होईल, असं बोंबील म्हणतो.

मार्चमध्ये आत्या दक्षिणेचा पहिला दोर ओढायला गेली. दोर हलेचना. ती ओरडली, "कस्तुरी, हात लाव गो! माझ्या एकटीच्यानं उचलत नाय!"