दोन साचे, एक गळा

संग्रहालयाच्या फाटकावरचा डोळा रोहिणी कुमरेला पाहून रोज एक क्षण जास्तच थांबायचा. बाकीच्यांना तो येता-येताच सोडी. हिच्यापाशी आला की त्याच्या काचेत निळी रेघ फिरे आणि मग नाइलाजाने फाटक उघडल्यासारखं उघडे. नागपुरात आता शाळा, दवाखाने, कारखाने, जिकडे-तिकडे हे डोळे बसले होते. त्यांना मुखमान म्हणत. चेहरा पाहून माणसाचा मूळगट सांगायचा आणि मूळगटावरून त्याचा स्वभाव, हे त्यांचं काम. 'वंश' हा शब्द मात्र कुणी उच्चारत नसे. नाव बदललं की पाप धुऊन निघतं, असा आपल्याकडे जुना समज आहे. "ओळख बाबा आता तरी," असं त्या डोळ्याला सुनावून रोहिणी रोज आत जाई.

आज ती तशीच आत गेली. दुपारी तिच्या धाकट्या भावाच्या, दिवाकरच्या, अपिलाची सुनावणी होती. हवाई रुग्णवाहिका चालवायच्या सगळ्या परीक्षा दिवाकर पास झाला होता. भर वादळात इंजिन बंद पाडून घेतलेल्या चाचणीतही त्याचा हात हलला नव्हता. आणि रुजू व्हायला गेला, तर दारावरच्या डोळ्याने शेरा मारला: संकटात गोंधळणारा मूळगट. घोड्याने पेंड खाल्ली ती तिथे. लहानपणी काटा टोचला तरी न रडणारं हे पोर त्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात बसून ढसाढसा रडलं होतं.

मुखमानला ही अक्कल आली कुठून, हे रोहिणीइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती आली होती संग्रहालयातल्या तिच्याच ताब्यातल्या खोलीतून.

दीडशे वर्षांपूर्वी एक गोरा साहेब वऱ्हाड-नागपुरात गावोगाव हिंडला होता. माणसाला उताणं निजवायचं, नाकपुड्यांत नळ्या घालायच्या आणि कपाळापासून गळ्यापर्यंत ओल्या प्लास्टरचा लेप थापायचा. सुकला की साचा उचलायचा आणि उच्च, मध्यम, आदिम अशा पंगतीत बसवायचा. खरं तर पंगत आधी ठरायची, नाक मागाहून मोजलं जायचं. साचे विलायतेला गेले, त्यांवर जाडजूड ग्रंथ निघाले, ग्रंथांतून शाळेच्या पुस्तकांत तक्ते आले. आपल्याकडच्या शिकल्यासवरल्यांनीही त्यात आपली पंगत शोधली आणि ती वरची निघाली तेव्हा मिशीला पीळ भरला. पुढे ते सगळं शास्त्र खोटं ठरलं. साचे परत आले आणि फळ्यांवर धूळ खात पडले. मुखमान घडवणाऱ्यांना यंत्राला शिकवायला नीट लावून ठेवलेले जुने चेहरे हवे होते. ते इथे आयते मिळाले.

साचा म्हणजे आतून पोकळ चेहरा, डोळे मिटलेला. पोकळ चेहऱ्याची एक खोड असते. तुम्ही खोलीत चालू लागलात की तो मान वळवून तुमच्याकडे पाहतोय असं वाटतं. मेंदूला पोकळ चेहरा पटत नाही, म्हणून तो त्याला भरीव करून पाहतो, हे रोहिणीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने त्या फळ्यांकडे कधी पाठ केली नाही. भीती वाटायची, दुसरं काय!

या साच्यांसाठी तिने लेपवाचक नावाचं यंत्र तयार केलं होतं. प्लास्टर थराथराने घट्ट होतं. त्या वेळी खालचा गळा थरथरला, तर ती थरथर त्या थरात गोठून राहते. साय धरताना भांडं हललं की सायीवर सुरकुत्या राहतात, तसंच. ओठ मिटलेले असले तरी घाबरलेला माणूस घशातल्या घशात बोलतोच. लेपवाचक एकेक थर किरणांनी चाचपायचा आणि त्या सुरकुत्यांचा पुन्हा आवाज करायचा.

गेल्या आठवड्यात तिने उच्च पंगतीतला एक साचा यंत्राखाली ठेवला होता. भरल्या गालांचा, रुंद कपाळाचा गडी. बराच वेळ नुसती खरखर झाली आणि मग गळ्यातल्या गळ्यात कुणी म्हणालं, "नाकाले खाज सुटली नं बाप्पा. गिरजी पाहीन तं हासन." गिरजी त्याची बायको असावी. रोहिणी मोठ्याने हसली. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

मग तिने आदिम पंगतीतला एक साचा घेतला. गाल बसलेले, जबडा पुढे आलेला, डोळ्यांच्या खोबणी खोल. मुखमानमध्ये दिवाकरचा मूळगट ज्या साच्यावर उभा होता तोच हा. खरखर झाली आणि आवाज आला, "नाकाले खाज सुटली."

यंत्रात आधीचं वाचन राहून गेलं असणार, असं म्हणून तिने ते पुसलं आणि पुन्हा लावलं. दुसरे साचे लावून पाहिले. एका म्हातारीने देवाचं नाव घेतलं, कुणीतरी एकाने नुसता हुंकार भरला, सगळे गळे निराळे. पुन्हा तो आदिम साचा ठेवला, तर पुन्हा तोच गळा. फक्त आता दम नव्हता त्यात. "गिरजी असती तं हासली असती," तो म्हणाला. 

तिने दोन्ही साचे खिडकीपाशी नेले आणि आतून बोट फिरवलं. दोन्हींत डाव्या भुवईच्या टोकाशी तेच तीन बारीक दाणे लागले. देवीचे वण. माणसाच्या चेहऱ्यावर जो खड्डा, तो साच्यात दाणा होतो. साहेबाच्या नोंदींतल्या तारखांप्रमाणे दोन साच्यांच्या मधे मोठा दुष्काळ पडून गेला होता. साहेबाने नाक मोजलं, कपाळ मोजलं. देवीचे वण मोजायचे नसतात, म्हणून ते कुणी पाहिलेच नाहीत. पोटात अन्न नव्हतं, तेवढ्यावर माणसाचा वंश बदलला होता.

साचे इतके ठिसूळ की ते हलवणं अशक्य, म्हणून सुनावणी तिच्याच खोलीत ठेवली होती. अपील ऐकायला मुखमान कंपनीचेच खानझोडे साहेब आले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते असं. पण माणूस सभ्य होता. त्यांनी दोन्ही गळे ऐकले, तीन दाण्यांवरून स्वतः बोट फिरवलं. दुसऱ्या साच्याचे शेवटचे थर अजून वाचायचे होते, लेपवाचक मंद गुरगुरत त्यावर फिरतच होता. दिवाकर भिंतीशी उभा होता.

खानझोड्यांनी चूक सरळ मान्य केली. रोहिणीच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग ते म्हणाले, की एका माणसाचे दोन चेहरे यंत्रात ठेवता येत नाहीत, एक काढावा लागेल.

"कोणता ठेवायचा ते तुम्हीच सांगा, मॅडम. पहिला ठेवला तर सगळ्या गटांच्या रेघा सरकतील आणि रेघेच्या काठावरचे दिवाकरराव वरच्या गटात येतील. सोमवारी रुजू होऊ द्या त्यांना."

या दुसऱ्यासारखे ज्यांचे चेहरे आहेत त्यांचं काय, असं रोहिणीने विचारलं. ते आणखी खाली जातील, खानझोडे म्हणाले. कुठेतरी रेघ मारावीच लागते.

'पहिला' हा शब्द रोहिणीच्या जिभेवर आला होता. खोटं कशाला बोला? ज्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं भलं एका शब्दावर अडलं होतं. तिने दिवाकरकडे पाहिलं. तो यंत्राखालच्या त्या पोकळ चेहऱ्याकडे बघत होता, आणि तिला वाटलं, तो चेहराही वळून त्याच्याकडे बघतोय.

"ताई, काढलेल्याले हे कुठं टाकतीन?" त्याने विचारलं.

खानझोड्यांना प्रश्नच कळला नाही. यंत्रातून पुसतात म्हणजे पुसतात, त्याला कुठे टाकायचं काय असतं?

"राहू द्या मंग दोन्ही," दिवाकर म्हणाला. "उद्या मी उपाशी राह्यलो, तं मीबी हाच नं."

 खानझोड्यांनी हळहळत सांगितलं, की असं असेल तर शेरा कायम राहील. त्यांनी बॅग उचलली. रोहिणी भावाच्या जवळ गेली आणि त्याचा हात घट्ट धरला. तिला रडू येत होतं आणि त्याचा अभिमानही वाटत होता.

यंत्राकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याची गुरगुर थांबली. किरण शेवटच्या थरावर पोहोचला होता.

"झालं का, सायेब?" साच्यातला माणूस म्हणाला. खानझोडे दारात होते ते जागीच थांबले. दारावरच्या मुखमानच्या डोळ्यात निळी रेघ फिरू लागली. "भाकर देनार होते नं? आता जाऊ का मी घरी?"

 फळ्यांवरचे सगळे पोकळ चेहरे दाराकडे वळल्यासारखे दिसत होते.

"तुम्हालाच विचारतोय तो," रोहिणी म्हणाली. "काय सांगू त्याला?"