मधेच ड्रॉवर ओढू नका

"हे गरमच व्हईना गेलंय, मॅडम."

लातूरच्या गंजगोलाईतल्या आमच्या दुकानात, भर दुपारी, त्यानं एअर फ्रायर काउंटरवर ठेवला. मी एका मिक्सरची मोटर उघडून बसले होते. वर पाहिलं — हॉस्पिटलचा निळा शर्ट, कपाळावर घाम, खिशावर नावाची पट्टी : अमरेश. नजरानजर झाली आणि माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. असं माझं सहसा होत नाही. वडिलांच्या हाताखाली दुरुस्ती शिकले, ती काही स्क्रू पाडत नव्हे.

मी फ्रायरचा ड्रॉवर आत ढकलला. खट् झालं, दिवा लागला, पंखा घुमला.

"झालं?" तो ओशाळला.

"झालं. ड्रॉवर पुरा बसल्याबिगर हे चालू व्हत न्हाई. पेशंटलाबी असंच तपासता का?"

"पेशंट निदान बोलतात तरी," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा एक दात जरासा पुढे येतो, हे मला उगाचच दिसलं.

एवढ्यावर त्यानं जायला हवं होतं. पण तो घुटमळला. "एक विचारू? तुमच्या दुकानात... म्हंजे इथंच... अंडं फोडलेलं चालंल का?"

आमच्या दुकानात! भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, आणि त्याखाली बसणारे माझे वडील, शिवमूर्ती अप्पा. केकात अंडं असेल या शंकेनं ज्यांना जन्मात तो गोड लागला नाही, ते!

मग त्यानं सगळं सांगितलं. तो देवणीचा, आमच्यासारखाच लिंगायत. लातूरच्या एका दवाखान्यात ब्रदर होता आणि इंग्लंडात, यॉर्कशायर नावाच्या भागात, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात त्याची नोकरी ठरली होती. व्हिडिओवरच्या मुलाखतीत तिथल्या बाईंनी सहज विचारलं, रविवारी आमच्या आजीआजोबांना काय करून घालाल? हा पठ्ठ्या घाबरला आणि बोलून गेला — यॉर्कशायर पुडिंग, मला फार छान येतं. बाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आश्रमातल्या सगळ्यांना त्याच्या पहिल्या रविवारचा बेतही सांगून टाकला. तिथल्या त्याच्या खोलीवर ओव्हन नव्हता, एअर फ्रायर होता. म्हणून सरावासाठी हा जुना आणला. पण इथली घरमालकीण अंड्याचं नावही काढू देत नव्हती.

"पुडिंग म्हंजे गोड असतंय ना?"

"न्हाई, तीच तर गंमत. मैदा, दूध आन अंडं. धिरड्याच्या पिठावानी पातळ. कडकडीत तेलात ओतायचं, की फुगून वाटी व्हते. त्यात रस्सा घालून खातात."

"सोमवारी दुपारी या," माझ्या तोंडून निघून गेलं. "अप्पा सिद्धेश्वराच्या देवळात जातात."

सोमवारी अंडं! पण दुसरा वार मोकळा नव्हता, त्याला मी तरी काय करणार?

तो आला. स्टीलच्या वाट्या, करडईचं तेल, घरच्या देवणी गाईचं दूध आणि रुमालात गुंडाळलेली अंडी. त्यातलं एक त्यानं मुठीत धरलं, डोळे मिटले, आणि देवळाच्या पायरीवर नारळ फोडावा तसं काउंटरवर आपटलं. बलक उडून थेट माझ्या ओढणीवर.

"खोबरं चांगलं निघालंय," मी म्हटलं.

दुसरं मी फोडायला घेतलं. मलाही नारळच फोडता येत होता! दोघंही हसून हसून खाली बसलो. पुढं मी सवयीनं पिठात हळद आणि ओवा टाकला, वाट्यांतलं तेल तापायची वाट पाहिली नाही... पहिली पुडिंगं पिवळी, चपटी आणि चिवट निघाली.

त्यानंतर मात्र पीठ जमू लागलं. एका सोमवारी फ्रायरच्या काचेतून ते वर येताना दिसलं, आणि तेवढ्यात अमरेशनं ड्रॉवर ओढला. गरम वाफ बाहेर आली, पुडिंग भसकन बसलं.

"बघायलो व्हतो," तो म्हणाला. पुढच्या सोमवारीही त्यानं तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

दुकानात फ्रायर घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावून सांगते — मधेच ड्रॉवर ओढू नका, गरम हवा निघून जाते. अमरेशला सांगायचं तेवढं राहून गेलं. राहूनच गेलं म्हणा... कारण पुडिंग बसलं, की तो म्हणायचा, "पुढच्या सोमवारी परत बघू." आणि माझा आठवडा आनंदात जायचा.

पीठ अर्धा तास मुरू द्यावं लागतं. आम्ही बोललो ते सगळं त्या अर्ध्या तासांत. बाहेर परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत असायचा. एकदा तो म्हणाला, "तिकडं माझं नाव तरी कुणाला नीट घेता येईल का?"

"माझं इथंच कुणी घेत न्हाई. महामाया. सगळ्यांना लांब पडतंय."

"महामाया," तो म्हणाला. सगळं, सावकाश, एकही अक्षर न गाळता. मी घाईघाईनं उदबत्ती लावली. अंड्याचा वास जावा म्हणून दर वेळी शेवटी लावायचेच, पण त्या दिवशी पीठ अजून मुरतच होतं. हा माणूस जाणार आहे आणि मला तो हवा आहे, हे मला त्याच वेळी कळलं.

व्हिसा आला. शनिवारचं विमान होतं. शेवटच्या सोमवारी तेलातून धूर निघेपर्यंत आम्ही थांबलो, पीठ ओतलं, ड्रॉवर बसवला. काचेमागं पुडिंग हळूहळू वर येऊ लागलं. अमरेशचा हात ड्रॉवरच्या मुठीकडं गेला.

ओढू दे, असं वाटलं. बसू दे पुन्हा! पण रविवारी ताटं मांडून बसलेली ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा असलेला हा... ते मला सोसलं नसतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आज नको."

त्यानं हात काढला नाही. मीही नाही. यंत्र टिंग वाजेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

पुडिंग वाटीबाहेर आलं होतं — सोनेरी, कुरकुरीत, आतून पोकळ. मी डब्यातून भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची येसर आमटी आणली होती; ती त्यात ओतली. अर्धं त्यानं खाल्लं, अर्धं मी. जन्मात पहिल्यांदा अंडं खाल्लं आणि चवीकडं लक्षच नव्हतं.

"जमलं," तो म्हणाला.

"जमलं. आता यायचं कारण सरलं."

"महामाया... ड्रॉवर उघडायचा नसतो, हे मला पयल्यापासून ठाऊक व्हतं. व्हिडिओत आधी तेच सांगितलेलं."

"मग ओढत का व्हताव?"

"फुगलं असतं, तर पुढच्या सोमवारी काय सांगून आलो असतो?" त्याचे कान लाल झाले. "आन तुम्ही? तुम्ही तर हे विकता. कधी बोलला न्हाईत."

"गिऱ्हाइकाला सांगते. तुम्ही गिऱ्हाईक नव्हताव."

त्यानं फ्रायरची वायर गुंडाळली. मग फ्रायर माझ्याकडं सरकवत म्हणाला, "हे दुरुस्तीला ठेवून जातो."

"काय बिघडलंय?"

"काहीच न्हाई. पर दुरुस्तीला टाकलेली वस्तू न्यायला माणूस येतो. मला तुम्ही लई आवडता. वर्षानं सुट्टी मिळंल, तवा येईन. थांबाल का?"

बोलता बोलता त्याची नजर माझ्या डोक्यावरच्या पाटीकडं गेली, आणि चेहरा उतरला. अप्पांनी रंगवून घेतलेली पाटी : 'दुरुस्तीचा माल तीन महिन्यांत न्यावा. नंतर दुकानदार जबाबदार नाही.'

मी स्टूल ओढलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि वर चढले. चारही स्क्रू काढले. या वेळी एकही पडला नाही. पाटी उतरवून त्याच्या हातात दिली.

"मी जबाबदार हाय," मी म्हटलं. "या तुम्ही."

संध्याकाळी अप्पा आले. रिकाम्या भिंतीकडं पाहिलं. मग फळीवरच्या फ्रायरकडं.

"पाटी का काढलीस गं?"

"एक माल जास्त दिवस राहणार हाय, अप्पा."

अप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली. "ती टरफलं मागच्या दारी टाकत जाऊ नको. मांजर लई यायलंय."

म्हणजे अंड्यांचं अप्पांना ठाऊक होतं! अप्पा शांतपणे आपल्या जागेवर बसले.

"नेणारा येणार हाय नव्हं, महामाया?"

लहानपणापासून मला 'माये' म्हणणाऱ्या अप्पांनी आज पहिल्यांदा माझं सगळं नाव घेतलं.

"येणार हाय, अप्पा."

"मग राहू दे."