फाटका मांडा

"पास, मॅडम."

एकोणनव्वद सालचा जानेवारी. धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या सकाळच्या एस.टी.त मी पर्सची चेन ओढत होते. चेन जाम नव्हती... जाम होती माझी बोटं.

लोकांना वाटतं, संधिवात म्हणजे आजीबाईंचं दुखणं. मला तो एकविसाव्या वर्षी भेटायला आला आणि घरजावयासारखा ठाण मांडून बसला. उठल्यापासून दोन-अडीच तास बोटं सुजून कोवळ्या वांग्यांसारखी व्हायची. वेणी आई घालायची. कॉलेजचं शेवटचं वर्ष, एरंडोलच्या अलीकडे आमचं गाव, त्यामुळे हीच गाडी धरावी लागायची.

मागचे लोक कुरकुरायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

"राहू द्या," कंडक्टर म्हणाला. "उतरताना दाखवा."

जळगाव स्टँडवर मी पास काढून त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं तो नीट वाचला. जरा जास्तच नीट!

"बेबाबाई... पासवर फार मोठ्या बाईचं नाव आहे हो."

"घरी बेबा म्हणतात. आणि माझी बोटं साडेनऊनंतरच माझं ऐकतात, म्हणून उशीर झाला."

"त्याआधी कोणाचं ऐकतात?"

"कोणाचंच नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच आहेत," तो हसला. खाकी शर्टाच्या खिशावर नाव होतं – अभिमन.

मी खाली उतरले. गुडघा दुखला, पण दिवसभर मी हसत होते, हेही सांगून टाकते.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. आमच्या गावात गाडी वडाखाली थांबायची. एस.टी.ची ती उंच पायरी म्हणजे माझ्यासाठी सातपुडा. पण एके दिवशी गाडी वडाच्या पुढे गेली आणि दूध डेअरीच्या ओट्याला चिकटून उभी राहिली. दुधाचे कॅन चढवायचा तो ओटा, मागून उतार असलेला, बरोबर पायरीच्या उंचीचा. मी ओट्यावरून सरळ गाडीत पाय टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

"आजकाल गाडी इथे का थांबते?" मी विचारलं.

"ड्रायव्हर झुलालनानांची मर्जी," अभिमन तिकिटं फाडत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

मार्चमध्ये परीक्षेची धास्ती वाढली. तीन तास पेन धरायचं कसं? हे मी त्याला सहज बोलले होते... बरं, अगदी सहज नाही. दोन दिवसांनी त्यानं माझं पेन मागून घेतलं आणि पारोळ्याच्या सायकलवाल्याकडून परत आणलं, तर त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला! जाडजूड, मऊ, अजिबात न निसटणारं.

"पंक्चर झालं तर सांगा," तो म्हणाला.

"हवा तुम्हीच भरणार का?"

"रोज या गाडीला असतो मी..." एवढंच बोलून तो पुढच्या सीटकडे गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कपाशीची उपटलेली शेतं सुद्धा त्या दिवशी मला सुंदर दिसली. आता बोला!

परीक्षा संपली तेव्हा, शेवटच्या दिवशी, स्टँडवरच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी तो म्हणाला, "बेबा... आखाजीला माय येईल तुमच्याकडे. चालेल?"

पहिल्यांदाच नुसतं 'बेबा' म्हणाला होता. ग्लास मी दोन्ही तळव्यांत धरला होता, एका हातानं उचलत नव्हता.

"त्यांना माझ्या दुखण्याचं सांगितलंय?"

"हातपाय दुखतात कधीकधी, असं सांगितलंय."

"कधीकधी?"

तो रसवाल्याला द्यायची चिल्लर मोजू लागला. मीही त्याला पुढे विचारलं नाही. मला हवा होता तो. मनापासून हवा होता, म्हणून मीही ते 'कधीकधी' गोड मानून घेतलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्या खान्देशात पोरीबाळींचा सण. झाडाझाडाला झोके, माहेरवाशिणींची गाणी, आणि घरोघरी आमरस नि खापरावरचे मांडे. मांडा म्हणजे लाटण्याचं काम नव्हे. पुरण भरलेली सैल कणीक दोन्ही हातांवर ताणत ताणत कोपरापर्यंत न्यायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायची. पहिला मांडा पितरांचा. त्याची आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, निखाऱ्यांवर पडली की मग माणसांची पंगत. म्हणून मुलगी पाहायला येणारे आधी तिचे मांडे पाहतात, मग तिचं तोंड. माझी मनगटं तर पाण्याच्या तांब्यालाही भीत होती.

"वच्छलाकाकू करील," आई म्हणाली. "आपुन म्हनसूत बेबाना हातना शेतस. लगीन व्हई गयं का बठ्ठं निस्तरी जास."

मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं.

आखाजीला अभिमन आईला घेऊन आला. कुंदाबाई, शिरपूरकडची. उंच, सडसडीत, डोक्यावरचा पदर तसूभर ढळू न देणारी. मांड्याचा एक तुकडा तिनं उजेडात धरला. पलीकडचं दार दिसेल इतका पातळ.

"मांडा कोना हातना शेतस?"

"बेबाना," आई पटकन म्हणाली.

कुंदाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मन्ही सासू असाच कराये. घरनं खापर तिन्हं शे, साठ वरीसनं. माले वाटे, मन्हामांगे आगारी कोन टाकी..." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आते चिंता मिटनी वं माय."

तो हात खरखरीत होता, आणि फार प्रेमळ. तोच मला सोसवला नाही. माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं असतं, तर मी कदाचित खोटं पचवलं असतं.

"अक्का," मी म्हणाले, "हे काकूनं केलेत. मला संधिवात आहे. मांडा तर सोडाच, सकाळी माझी वेणीसुद्धा आई घालते." आणि बाही वर सरकवून दोन्ही मनगटं तिच्यापुढे धरली.

आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. कुंदाबाईनं मनगटं पाहिली, बोटं पाहिली. हात हातात घेतला, दाबला नाही. मग म्हणाली, "पोर खरं बोलनी. पन मन्हा घरनं खापर थंडं पडी ना वं."

आणि उठली. मी अभिमनकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही. एकही नाही! आईच्या मागोमाग निघून गेला. त्या रात्री मला सांधे दुखल्याचं आठवत नाही. दुसरंच काहीतरी दुखत होतं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जायचं होतं. वडाखाली उभी राहिले, मुद्दामच. ओट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी आली, माझ्यासमोरून पुढे गेली आणि डेअरीच्या ओट्याला लागली. मी ओट्यावर चढून आत पाय टाकला. आत कंडक्टर नवा होता. मग...?

मी ड्रायव्हरच्या जाळीशी गेले. "नाना, अजून इथेच थांबवता गाडी?"

"अभिमननी सांगी ठेयेल शे," झुलालनाना मागं न बघता म्हणाले. "जानेवारीपाइन सांगी ठेयेल शे. त्यानी रजा टाकेल शे, पन मन्हाकडथून वचन लिसन गया."

"रजा? कशासाठी?"

"ते माले नको इचारू!" आणि नाना एवढे हसले की गाडी खड्ड्यात गेली.

जळगावपर्यंत मी रडले. रागानं की कशानं, ठाऊक नाही.

पुढच्या सोमवारी रक्त तपासायला निघाले, तर गाडीच्या दारात अभिमन उभा. खाकी शर्ट, खांद्याला तिकिटांची पेटी. मी मुठीतले सुटे पैसे त्याच्यापुढे धरले आणि तोंड फिरवून बसले. तो तिकीट देऊन पुढच्या सीटकडे गेला. जळगावला सगळे उतरल्यावर त्यानं सीटखालून एक अॅल्युमिनियमचा डबा काढला आणि झाकण उघडूनच माझ्या हातात दिला.

आत मांडा होता. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेला, मधोमध चांगला हातभर फाटलेला.

"हा कोणी केला?"

त्यानं बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत भाजल्याचे चट्टे. काही सुकलेले, काही ताजे.

"तुम्ही...?"

"पंधरा दिवस मायच्या शेजारी चुलीपुढे बसलो. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या. पहिले सहा दिवस तर एकही मांडा खापरापर्यंत धड पोचला नाही. हा कालचा. त्यातल्या त्यात बरा."

"त्या दिवशी तोंडातून एक शब्द का नाही काढलात?" माझा आवाज चिरकला. "मी किती वाट बघितली!"

"बोललो असतो तर ते नुसतं बोलणं झालं असतं, बेबा. माय मला म्हणाली असती, खापराला जीभ नाही, हात लागतात." तो थांबला. "आणि चूक माझी होती. ते 'कधीकधी' मी बोललो होतो. खरं सांगायचं धाडस तुझ्यात होतं, माझ्यात नव्हतं."

"मग... अक्का काय म्हणाल्या?"

"हा मांडा बघितला आणि म्हणे, पितरं हसतीन. मी म्हटलं, हसू दे, पण जेवतील तर खरी! तर मग ती पण हसली. म्हणाली..." तो घाबरला की अहिराणीवर यायचा, तसाच आला. "म्हननी, जाय, तिले इचारी ये. तुले पटस का, बेबा? मांडा मी करसू. तू फक्त... ये."

साडेनऊ वाजून गेले होते, बोटं माझं ऐकत होती. मी मांड्याचा एक तुकडा तोडला आणि खाल्ला. मीठ जास्त होतं. मी दुसराही खाल्ला.

याला आता तीस वर्षं होऊन गेली. औषधं बदलली, डॉक्टर बदलले, माझी बोटं थोडी वाकडी झाली ती झाली. सासूबाई आता नाहीत. पण असेपर्यंत दर आखाजीला त्या चुलीपुढे मुलाला बसवायच्या आणि आलेल्या-गेलेल्यांना ठसक्यात सांगायच्या, "आमनी सूनले मांडा येत नही... पन खोटं बी येत नही."

खापर तेच आहे. अभिमनचे मांडे अजूनही फाटतात. पहिला आगारीला जातो, आणि दुसरा, हमखास फाटलेला, तो माझ्या ताटात वाढतो. सकाळची वेळ असते, बोटं वळत नाहीत. मग तोच घास करून माझ्या तोंडापाशी धरतो.

"मीठ बघ गं," म्हणतो.

अजूनही जास्तच असतं. मी अजून त्याला सांगितलेलं नाही. सासूबाईंना माझं हे एकच खोटं कळलं नाही.