जावाच्या टाकीवरचा पोचा

भंगारवाल्याच्या गाड्यावर दोन हात एकाच वेळी पडले. एक शहीराचा, नखांत काळं ग्रीस अडकलेला. दुसरा कुणा उंच, किडकिडीत माणसाचा... आणि त्याच्या नखांत चक्क सोनं चमकत होतं.

"सोडा," शहीरा म्हणाली.

"तुम्ही सोडा. मी आधी धरलंय."

"मी आधी पाहिलंय!"

"पाहण्यानं वस्तू आपली होत असती ना बाई, तर अर्ध्या दुम्यातचं फर्निचर आज माझ्या घरात असतं."

दोघांच्या ओढाताणीत एक गोल, चकचकीत लोखंडी कडी सापडली होती. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या दुम्यात शहरात फेब्रुवारीतला बारीक, तिरपा पाऊस पडत होता. समुद्राकडून आलेला वारा शहीराची छत्री उलटी करू बघत होता, तरी तिनं कडी सोडली नाही. भंगारवाला मात्र डोक्यावर प्लॅस्टिक ओढून मजेत बघत उभा.

"करणार काय तुम्ही हिचं?" तिनं विचारलं.

"आरसा बसवणार. कडेनं वर्ख चढवला की नवरीच्या खोलीत शोभेल."

"आरसा? अहो, ही जावाच्या हेडलाइटची कडी आहे! दोन वर्षं शोधतेय मी."

त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. भिजलेला निळा रुमाल, हातात लिंबांची पिशवी. "जावा मोटारसायकल? कुणाची? भावाची?"

"माझी."

"चालते?"

"...चालेल."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती, आणि शहीराला उगाचच त्या खळीचा राग आला.

"दाखवा," तो म्हणाला. "खरंच जावा असेल तर कडी तुमची."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. जिन्याखाली अंधाऱ्या कोपऱ्यात कांद्यांच्या माळा, मोडका पंखा आणि एक जुनी गादी यांच्यामागे ती उभी होती. गंजलेली, दोन्ही चाकांतली हवा गेलेली, सीटच्या फाटक्या पोटातून काथ्या बाहेर आलेली. शहीराच्या वडिलांची जावा. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती आणि गाडी तर त्याच्याही आधीपासून बंद होती. वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे, आता त्यांचं दुकान शहीरा चालवायची. स्क्रू, स्प्रिंग, दाते हे सगळं तिच्या बोटांना तोंडपाठ होतं. फक्त ही एक गाडी तिला दाद देत नव्हती.

तो माणूस बाहेरच्या पावसाला विसरून गुडघ्यांवर बसला. त्यानं खिशातला रुमाल काढून टाकी पुसली. धुळीखालून आधी मरून रंग वर आला आणि मग एक बारीक, फिकट सोनेरी रेघ.

"ही रेघ हातानं ओढलेली आहे," तो हळूच म्हणाला. जणू मोठ्यानं बोललं तर ती पुसली जाईल. "यंत्रानं नाही... कुणीतरी श्वास धरून ओढलीय."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मी रिफात. खुर्च्यांवर, पलंगांवर सोन्याचा वर्ख चढवतो. कडी ठेवा तुम्ही. पण टाकीवरच्या रेघा मी ओढणार. आहे कबूल?"

तेवढ्यात जिन्यावरून शहीराची आई, दौलतबाई, ओरडल्या, "कोण आलंय गं? भंगारवाला असेल तर त्याला म्हणावं, घेऊन जा ते धूड! घरमालकानं वसंताच्या सणापर्यंत जिना मोकळा करायला सांगितलाय!"

"कबूल," शहीरा घाईघाईनं म्हणाली.

त्यानंतर दर शुक्रवारी रिफात येऊ लागला. येताना हातात कधी गरम मिशब्बकची पुडी, पाकात बुडवलेली, जिलबीसारखी जाळीदार. कधी काचकागदाचा गठ्ठा. मिशब्बक दौलतबाईंसाठी आणि काचकागद शहीरासाठी. "मुलगा हुशार आहे," दौलतबाई पाक चाटत म्हणायच्या. "कुणाला काय द्यावं ते बरोबर कळतं."

शहीरा इंजिन उघडायची. पिस्टन अडकला होता. प्लगच्या भोकातून तिनं तेल ओतलं आणि आठवडाभर वाट पाहिली. मग एका सकाळी किकवर पाय ठेवला, तर दांडा जरासा हलला... अगदी जरासा. ती इतक्या जोरात किंचाळली की वरच्या मजल्यावरचे शेजारी धावत खाली आले.

"उस्ताद, हे बघा," रिफात एकदा म्हणाला. तो तिला उस्तादच म्हणायचा, चिडवायला. पण त्यात कौतुकही असायचं. "किक इथंय. मग गिअरचा दांडा कुठंय?"

"तोच. किक मारायची, दांडा आत दाबून पुढे वळवायचा, की झाला गिअर."

"एकाच दांड्यावर दोन कामं?"

"हो. काही जण असतात असे. दर शुक्रवारी येतात गाडीसाठी, पण..." ती थबकली. आपण काय बोलून बसलो!

"पण काय?"

"पण... मिशब्बक आमच्यापेक्षा जास्त खातात. तो पाना द्या इकडे."

त्यानं पाना दिला. देताना बोटाला बोट लागलं. तिच्या काळ्या बोटावर सोनेरी ठिपका उमटला आणि त्याच्या सोनेरी बोटावर काळा. दोघांनीही तो पुसला नाही.

मार्चच्या मध्यावर रिफात टाकी सोडवून आपल्या कारखान्यात घेऊन गेला. "पुढच्या शुक्रवारी बघा," म्हणाला. त्या आठवड्यात शहीरानं कार्बोरेटर तीनदा धुतला. एकदाच धुवायची गरज होती. उरलेल्या दोन वेळा नुसता वेळ जाईना म्हणून.

शुक्रवारी त्यानं कापडात गुंडाळलेली टाकी आणली आणि मोठ्या ऐटीत कापड बाजूला सारलं. डाळिंबासारखा मरून रंग, आणि त्यावर केसाएवढ्या बारीक दोन सोनेरी रेघा, कुठं हात हलला म्हणून नाही. शहीराचे डोळे लकाकले. मग तिचा हात टाकीच्या उजव्या अंगावर गेला... आणि तिथंच थांबला.

"पोचा कुठाय?"

"काढला!" रिफातचा चेहरा फुलला होता. "रेघ वाकडी जात होती तिथं. तांबट आळीत नेऊन आतून ठोकून घेतला. आता शोधूनसुद्धा सापडायचा नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणजे?"

"कुणी सांगितलं होतं काढायला?" तिचा आवाज चिरकला. "बाबा साखरपुड्याला येत होते, याच गाडीवरून. मांजर आडवं आलं. त्याला वाचवायला गाडी भिंतीवर घातली आणि तसेच, फाटक्या बाहीनं आले आईला अंगठी घालायला. तो पोचा त्या दिवसाचा होता! लहानपणापासून मी त्यात बोट ठेवून ही गोष्ट ऐकलीय... आणि तुम्ही रेघ सरळ यावी म्हणून..."

"शहीरा, मला ठाऊक नव्हतं—"

"विचारायचं होतंत! गाडी तुमची नाही. जा तुम्ही."

रिफात गेला. जाताना त्यानं कापडाची घडी केली, ती पायरीवर ठेवली.

तीन दिवसांनी समुद्रावरून वादळ आलं. पाच दिवस पाऊस आणि वारा, बोटी बंदरात बांधलेल्या, दुकानाच्या पत्र्यावर सतत ताशा वाजतोय असं वाटावं. शहीरानं टाकीला हात लावला नाही. शुक्रवार आला आणि गेला. मिशब्बक आली नाही.

"तो मुलगा का नाही आला?" सहाव्या दिवशी दौलतबाईंनी विचारलं. शहीरानं नाइलाजानं सगळं सांगितलं. आईला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस ती गप्प होती. दौलतबाई जिना उतरल्या, गुळगुळीत टाकीवरून त्यांनी हात फिरवला. त्यांचे खांदे हलायला लागले.

"आई, रडू नको ना..."

दौलतबाई रडत नव्हत्या. हसून हसून त्यांनी जिन्याचा कठडा धरला होता.

"मांजर! शेवटपर्यंत ते मांजरच सांगत होता होय तुला? अगं, कसलं मांजर नि कसली अंगठी! तू तेव्हा पाळण्यात होतीस. चार वर्षांसाठी कुवेतला जातो म्हणाला, मला न विचारता कागदावर सही करून आला. मी गॅलरीत लसूण कुटत होते. हातात बत्ता होता. दिला भिरकावून!"

"बाबांवर?"

"नेम त्याच्यावरच होता, लागला टाकीला. तो खाली उभा राहून टाकीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय... मग म्हणाला, 'दौलत, जात नाही मी. पण दुसरा बत्ता टाकू नकोस.'" दौलतबाईंनी डोळे पुसले. आता खरंच थोडं पाणी होतं त्यांत. "मुलीला काय सांगणार तो? तुझी आई बत्ते फेकते म्हणून? शोधून काढलं मांजर बिचाऱ्यानं. आणि मला जाता-येता तो पोचा दिसायचा. शरमेनं मान खाली! बरं झालं गेला. आता जा, त्या पोराची माफी माग. बघतेस काय? जा!"

शहीरा छत्रीसुद्धा न घेता निघाली.

कारखान्याची सगळी दारं-खिडक्या बंद होत्या. तिनं दार ढकललं तर आत रिफात एका आरशाच्या चौकटीवर वाकलेला. तिच्याकडे न बघताच त्यानं बोट वर केलं... हलू नका. बोलू नका. खारीच्या केसांचा रुंद कुंचला त्यानं, पान चिकटावं म्हणून, गालाच्या तेलकट कातडीवरून हळूच फिरवला, त्याच्या टोकानं सोन्याचं एक पान उचललं. फुंकरीनंही उडेल असं ते पान थरथरत चौकटीवर अलगद निजलं. दुसरं. तिसरं. शहीरा ओल्या कपड्यांनी दाराशी उभी. श्वास रोखलेला... आणि नाकात काहीतरी हुळहुळायला लागलं.

तिनं नाक दाबलं. ओठ मिटले. पण—

"आक्छी!"

उघडी ठेवलेली सगळी पानं एकदम उडाली. खोलीभर सोनंच सोनं! तुकडे गिरक्या घेत खाली आले; त्याच्या केसांवर, जमिनीवर, तिच्या ओल्या बाहीवर.

रिफातनं कुंचला खाली ठेवला. "माफी मागायला आलात, की सूड घ्यायला?"

"माफी..." तिला हसू आवरेना. "पोचा मांजराचा नव्हता. बत्त्याचा होता." आणि तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तीही हसली, तोही हसला.

मग तो गंभीर झाला. "तरी मी विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या आठवणीला हात लावण्याआधी विचारायला हवं."

"हो. हवं होतं." ती पटकन म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "पण रेघा फार सुंदर आहेत, रिफात. तू येत नाहीस तर... जिना ओसाड वाटतो."

तू. शब्द सुटला तो सुटलाच. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

तिच्या भुवईवर सोन्याचा एक कण चिकटला होता. त्यानं तो टिपायला कुंचला उचलला आणि मध्येच थांबला.

"राहू दे?" त्यानं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली.

एप्रिलमध्ये वसंताचा सण आला. सगळं दुम्यात खारवलेला बोय मासा, कांद्याची पात आणि रंगवलेली अंडी घेऊन समुद्राकडे निघालं होतं. त्या सकाळी जावा जिन्याखालून अंगणात आली. शहीरानं पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, किल्ली दाबली, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. फुर्र... आणि गप्प. तिनं प्लग काढला, बाहीला पुसला, परत बसवला. नवव्या किकला गाडीनं निळ्या धुराचा ढग सोडला आणि ठप-ठप-ठप-ठप करत अशी बोलू लागली, जणू इतक्या वर्षांची गप्पांची थकबाकी फेडत होती. वरच्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. दौलतबाईंनी माशाचा डबा रिफातच्या मांडीवर दिला. हो, मांडीवर, कारण तो मागच्या सीटवर बसला होता.

"तू चालव ना," शहीरा म्हणाली होती.

"मला येत नाही."

"काय? तीन महिने हिच्यावर काम केलंस आणि..."

"मी हिच्यासाठी येतच नव्हतो, उस्ताद."

शहीराचे कान लाल झाले. तिनं गिअर टाकला.

नाईलच्या काठाकाठानं रस्ता समुद्राकडे जातो. डावीकडे खजुराची झाडं, उजवीकडे पाण्यावर होड्या, आणि काठावर जागोजागी चटया पसरून बसलेली घरंच्या घरं. वारा अंगावर घेत शहीरा गाडी चालवत होती. इतकं सुख तिला सोसवत नव्हतं. मागून रिफात काहीतरी ओरडला.

"काय?"

"...लग्न!"

"प्लग? प्लगला काय झालं? आवाज तर ठीक येतोय!"

"प्लग नाही! ल... ग्न!"

शहीरानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. इतक्या महिन्यांच्या खटपटीनं सुरू झालेलं इंजिन, एक वाक्य ऐकायला.

पण रिफात अजून इंजिनाच्याच आवाजावर मात करत होता. शांत झालेल्या काठावर त्याचा आवाज पार पलीकडच्या तीरापर्यंत गेला:

"शहीरा, लग्न करशील का माझ्याशी?"

शेजारच्या चटईवर सहा-सात माणसांचं एक कुटुंब हातातला घास तसाच धरून बघत राहिलं. रिफात कानापर्यंत लाल झाला. माशाचा डबा त्यानं छातीशी घट्ट कवटाळला. एक म्हातारी कांद्याची पात मोडता मोडता म्हणाली, "हो म्हण गं पोरी! ओरडून ओरडून घसा बसला बिचाऱ्याचा!"

"आजी, जरा थांबा की," शहीरा म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं. खळी दिसत नव्हती. रिफात हसायलाच विसरला होता. इतका घाबरलेला माणूस तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि इतका आवडलेलाही.

"घरी येऊन आईला रीतसर विचारशील?"

"आज संध्याकाळीच."

"मग... हो."

"काय म्हणाली?" म्हातारीनं विचारलं. "ऐकू नाही आलं!"

शहीरानं मान वर केली आणि इंजिनावरही भारी पडेल अशा आवाजात ओरडली, "हो म्हटलं, आजी! हो!"

चटईवरच्या बायकांनी जिभा हलवत मंगल किलकारी दिली. ती पुढच्या चटईनं उचलली, मग त्यापुढच्या चटईनं... आणि पाण्याच्या काठाकाठानं ती समुद्राच्या दिशेनं धावत निघाली, त्या दोघांच्या आधीच.