एकेचाळीस माणसांचा एकच प्रोग्रॅम

चंद्रावरच्या वसाहतीत कीर्तन संपलं आणि निरांजन फिरू लागलं. माणसं ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावत होती. चार वर्षांच्या मुक्तानं मात्र तळहात ज्योतीवर ठेवला तो ठेवलाच. वर हसत होती. कातडी करपल्याचा वास आला तशा बुवांच्या हातून चिपळ्या सुटल्या आणि सुमित्रेनं लेकीचा हात खसकन मागे ओढला.

दवाखान्यात डॉक्टर वैजयंती फोडांना मलम लावत होत्या. मुक्ता गाणं म्हणत होती.

"हिला दुखत कसं नाही, वैजूताई?"

"कुणालाच दुखत नाहीये, सुमित्रा. परवापासून."

इथल्या प्रत्येकाच्या मानेत एक मणी बसवलेला होता. तो श्वास, हृदय, तोल सांभाळी. एकाला हवेची गळती जाणवली की बाकीच्यांना कळवी. मणी एकमेकांशी बोलणार, म्हणून प्रोग्रॅम सगळ्यांत एकच लागे. प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरात शेकडो गुण, म्हणजे मण्याला करता येतील अशी कामं, लिहून ठेवलेले. यंत्रासाठी प्रोग्रॅम बांधताना, म्हणजे कंपाइल करताना, मागितलेले तेवढेच आत जात. बाकीचे नुसते बंद राहत नसत, तिथे नसतच. आणि मागण्यांची यादी साऱ्या वसाहतीची मिळून एक.

"म्हणजे एकानं मागितलं की सगळ्यांना?"

"हो."

सुमित्रेचा चेहरा उतरला. स्फोटात भाजलेल्या नवऱ्यासाठी, माधवसाठी, 'वेदनाशमन' तिनंच मागितलं होतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तो दोन दिवस ओरडत होता गं. इंजेक्शनं संपलेली. मोठी माणसं जपून राहतील म्हटलं. मुलांचं डोक्यातच आलं नाही माझ्या."

"औषधांचं यान कधी येतंय?" दारातून बुवांनी विचारलं.

"अकरा दिवसांनी."

"तोवर पोरांचे हात मी धरून बसतो. सगळ्यांचे!"

"हात धराल, बुवा. पोटात आतडं सुजलं तर कळणार कसं?"

बुवा मुक्ताजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "दुखणं हा देवानं बसवलेला राखणदार. आपण त्यालाच घालवला."

पडद्यापलीकडे माधव पट्ट्यांत गुंडाळलेला होता. "काय, रंगलं का कीर्तन?"

सुमित्रेनं मुक्ताचा भाजलेला हात त्याच्यापुढे धरला आणि त्याच्यासाठी मागितलेलं वेदनाशमन सगळ्यांच्याच मण्यांत गेल्याचं सांगितलं. त्यानं ते फोड पाहिले, मग गाणाऱ्या लेकीकडे पाहिलं.

"यादीतून माझी मागणी काढायला सांग."

"अहो, अकरा दिवस..."

"मोजू नकोस. जा."

तीन तासांनी नवा प्रोग्रॅम मण्यांत उतरला. मुक्तानं हाताकडे पाहिलं, ओठ काढला आणि भोकाड पसरलं. "रड, बाळा, रड," म्हणत सुमित्रेनं तिला छातीशी धरलं, आणि पडद्यापलीकडचा आवाज लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून ती मोठमोठ्यानं विठ्ठलाचं नाव घेत राहिली.