फेब्रुवारीतली शाई

"बाईसाहेब, आम्हाला घराबाहेर काढताहेत! आजीचं दुसरं मृत्युपत्र सापडलंय म्हणे!"

लुत्सिनाचा फोन ऐकून तपास अधिकारी बोग्ना श्रेडरने चहा तसाच सोडला. ही बाई सहसा रडणारी नव्हती.

तेओफिला आजी ऑगस्टमध्ये गेली. रानातली जी अळंबी पिकली की काळं पाणी होऊन विरघळते, तिची शाई करणारी ती पंचक्रोशीतली शेवटची बाई. अकरा वर्षं लुत्सिनाने तिचं सगळं केलं, शाईही शिकली. गेल्या वर्षी आजीने रीतसर मृत्युपत्र करून घर तिच्या नावे केलं. आणि आता, सप्टेंबर संपताना, आजीचा भाचा कोन्राद शहरातून उगवला होता. हातात प्लास्टिकच्या पाकिटातला, अळंबीच्याच शाईने लिहिलेला कागद: घर कोन्रादला. तारीख यंदाच्या फेब्रुवारीची; त्यानंतरची कोणाला पटलीच नसती, कारण मार्चपासून आजीचा हातच चालत नव्हता.

बोग्ना स्वयंपाकघरात शिरली तेव्हा चुलीवर दूध करपत होतं. चुलीला टेकून लुत्सिनाचा नवरा झिग्मुंट खिडकीबाहेर पाहत बसला होता. बोग्नानेच पातेलं उतरवलं. टेबलाशी कोन्राद पाकीट घेऊन बसला होता.

"शाईच्या बाटल्या कुठे असतात?"

"कपाटात," लुत्सिना म्हणाली. "किल्ली माझ्या कमरेला. आजी गेल्यापासून कपाट उघडलेलं नाही."

"कोन्रादला शाई करता येते?"

"ह्याला?" झिग्मुंट हसला. "ह्याला अळंबी आणि बटाटा सारखाच!"

"मग कोणाला येते?"

"मला," लुत्सिना म्हणाली. "हे टोपल्या आणतात, गाळून देतात. शेवटचा हात माझा. आजी तेवढं दार लावून शिकवायची."

बोग्नाने कपाटातली एक बाटली उघडून हुंगली. मग कोन्रादच्या पाकिटातून कागद काढला, नाकाशी नेला आणि झटकन दूर धरला.

"आजीच्या शाईत लवंग असते ना, लुत्सिनाताई?"

"असते. नाहीतर आठवड्यात सडते."

"फेब्रुवारीत बर्फाखाली ताजी अळंबी कुठली? आजीने लिहिलं असतं तर साठवलेल्या शाईने, म्हणजे लवंगेच्या. ह्या कागदाला लवंगेचा नाही, सडका वास मारतोय, तोही ताजा. ही शाई ह्याच महिन्यातली, आजी गेल्यानंतरची."

"मी कुठे शाई करतो?" कोन्राद उसळला.

"तू नाही केलीस. टोपली आणणं, गाळणं ज्याला येतं, पण लवंगेचं ठाऊक नाही, त्याने केली. एवढ्या घाणीवर वाकून ज्याने सबंध पान लिहिलं, त्याला वास येत नसणार. मघाशी नाकाखाली दूध करपलं तरी तुम्ही हलला नाहीत, झिग्मुंटदादा."

झिग्मुंटने मान खाली घातली.

"बाहेर पडलेल्या रिकाम्या बाटल्यांवर आजीच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांवरून अक्षर गिरवलं," तो म्हणाला. "कोन्राद शहरात नोकरी देणार होता."

"आणि मी? मी कुठे जाणार होते?"

"माझ्याबरोबर. घर गेलं असतं तर आली असतीस."

लुत्सिना त्याच्याकडे वळली. "तुमचं नाक कधी गेलं?"

"तीन वर्षं झाली. त्या तापात. चवही गेली."

"रोज जेवून छान झालंय म्हणायचात."

"तू आजीला भरवत असायचीस. माझ्याकडे बघून विचारलंस कधी?"

बोग्नाने झिग्मुंट आणि कोन्राद दोघांना गाडीत बसवलं. घर वाचलं होतं, पण त्याचा आनंद तिला होईना. कागद घ्यायला ती परत आत आली. लुत्सिना करपलेलं पातेलं घासत होती, आणि टेबलावर सवयीने मांडलेली दोन ताटं तशीच होती.